कावड कोणाची? भूतदया, न्याय आणि नाथसागर

वन्यजीवांच्या आणि सार्वजनिक जमिनींच्या रक्षणाची मागणी, ती न्यायालयात केलेली असो वा ग्रामसभेत, शेवटी एका धार्मिक प्रश्नापाशी येऊन थांबते. ज्या जिवाला बोलता येत नाही, अर्ज करता येत नाही आणि आपल्या नावावर सातबारा काढता येत नाही, त्याच्यासाठी माणसाने आपला हक्क का सोडावा, हा तो प्रश्न होय. किती सोडावा हे कायदा ठरवू शकतो, परंतु का सोडावा हे त्याला दुसरीकडून उसने घ्यावे लागते. मराठी धर्मपरंपरेने या प्रश्नाचे उत्तर ‘भूतदया’ या शब्दात साठवून ठेवले आहे. ‘भूत’ म्हणजे जे जे अस्तित्वात आले ते, आणि त्या सर्वांविषयीची कळवळ्याची वृत्ती म्हणजे भूतदया. मात्र हा शब्द इतका परिचयाचा झाला आहे की त्यात दडलेली एक अडचण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. दया करणारा एक आणि त्या दयेची किंमत मोजणारा दुसरा, असे घडू शकते. तसे घडले तर त्या कृतीला भूतदया म्हणावे काय, याचा विचार छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण या एकाच गावाच्या आधाराने करता येतो, कारण या विषयीच्या जुन्या कथा आणि आजचा प्रत्यक्ष संघर्ष हे दोन्ही तेथे एकाच नदीच्या काठी उभे आहेत.

तेराव्या शतकात ज्ञानदेव आणि त्यांची भावंडे शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभी राहिली आणि तेथे ज्ञानदेवांनी रेड्याच्या मुखातून वेद वदवले, असे परंपरा सांगते. सोळाव्या शतकात त्याच गावच्या संत एकनाथांनी (१५३३ ते १५९९) काशीहून रामेश्वराला नेण्यासाठी खांद्यावर घेतलेल्या कावडीतले गंगाजल वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, ही कथा संतचरित्रांनी घरोघर पोहोचवली. अठराव्या शतकात महिपतींनी ‘भक्तविजय’ (१७६२) आणि ‘भक्तलीलामृत’ (१७७४) या ग्रंथांतून संतांची चरित्रे ओवीबद्ध केली आणि तेव्हापासून ती मराठी माणसाच्या नैतिक शिक्षणाचा भाग होऊन बसली. त्याच पैठणजवळ गोदावरीवर बांधलेल्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाला एकनाथांच्याच नावावरून ‘नाथसागर’ म्हणतात आणि १९८६ साली या जलाशयाचा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. ज्या संताने पशूला पाणी पाजले त्याचेच नाव धारण करणाऱ्या पाण्यावर पक्ष्यांचा किती हक्क आहे, असा प्रश्न आज पडावा, हा केवळ शब्दांचा योगायोग नाही.

या दोन कथांचा तात्त्विक अर्थ मात्र एकच नाही. रेड्याच्या कथेतले प्रमेय अद्वैताचे आहे. जे चैतन्य वेद म्हणणाऱ्या ब्राह्मणात आहे तेच रेड्यात आहे आणि म्हणून उच्चाराचा अधिकार जन्मावर ठरत नाही, असे ती कथा सांगते. प्रमेय उदात्त खरे, परंतु त्यातून संरक्षणाचे कर्तव्य आपोआप निघत नाही. सर्वत्र एकच आत्मा आहे आणि तो अविनाशी आहे असे मानले, तर पक्षी राहिले काय किंवा नाहीसे झाले काय, आत्म्याचे काहीच बिघडत नाही, असाही निष्कर्ष तर्काच्या बळावर काढता येतो आणि तो अनेकदा काढला गेलाही आहे. एकनाथांनी १५७३ साली काशीत पूर्ण केलेली भागवताच्या एकादश स्कंधावरील टीकाही याच ठिकाणी थोडी अडचणीची ठरते. त्या स्कंधातल्या अवधूताने पृथ्वी, पाणी, कबुतर, अजगर, हत्ती, हरीण, मासा, कोळी असे चोवीस गुरू केले, हे सर्वश्रुत आहे. पण या गुरूंचे मोल ते माणसाला वैराग्य शिकवतात म्हणून आहे आणि धडा शिकवून झाल्यावर त्या हरणाचे किंवा माशाचे पुढे काय झाले, याची चौकशी अवधूत करीत नाही. ‘आहे’ या विधानातून ‘करावे’ हे विधान थेट काढता येत नाही, ही तत्त्वज्ञानातली जुनी अडचण येथेही तशीच उभी राहते.

ही दरी भरून काढण्याचे काम गाढवाची कथा करते. सिद्धांताच्या जागी कृती ठेवून ती हे साधते, आणि त्या कृतीची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. पहिली गोष्ट अशी की कावड एकनाथांची स्वतःची होती. ती वाहून आणण्याचे कष्ट त्यांचे, तिच्यातून मिळणारे पुण्यही त्यांचेच, त्यामुळे ती रिकामी झाली तेव्हा नुकसान झाले तेही त्यांचेच. दुसरी गोष्ट अशी की ते पाणी फालतू किंवा शिल्लक राहिलेले नव्हते. ते त्यांच्या दृष्टीने सर्वांत मोलाच्या कामासाठी राखून ठेवलेले होते. तिसरी गोष्ट, जी सहसा सांगायची राहून जाते, ती अशी की गाढवाला पाणी देताना त्यांनी दुसऱ्या कोणा तहानेल्याच्या तोंडचे पाणी काढून घेतले नाही. एकनाथांच्याच चरित्रात गोदावरीच्या तापलेल्या वाळूत पाय भाजत असलेल्या अस्पृश्य मुलाला उचलून कडेवर घेतल्याची कथा येते. एकाच संताच्या नावे, एकाच तापलेल्या वाळूच्या संदर्भात, पशू आणि वंचित माणूस अशा दोघांच्याही कथा परंपरेने सांभाळल्या, आणि त्यांपैकी एकीचा उपयोग दुसरीला खोडून काढण्यासाठी केला नाही. भूतदयेचा निकष या दोन कथा एकत्र वाचल्यावरच हाती येतो: कावड स्वतःची असली पाहिजे.

हाच निकष अधिक कठोर रूपात याच जिल्ह्यातील अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात भिंतीवर रंगवलेला आहे. तेथे शिबी राजाचे जातक, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माची कथा, चित्रित केलेले आहे आणि हीच कथा महाभारताच्या वनपर्वातही येते. ससाण्याच्या भीतीने कबुतर राजाच्या आश्रयाला येते, राजा त्याला अभय देतो, आणि मग ससाणा जो प्रश्न विचारतो तो या संपूर्ण विषयाचा गाभा आहे. कबुतराला वाचवून राजा दयाळू ठरेल, पण ज्याचे अन्न हिरावले गेले त्या ससाण्याच्या भुकेचे काय, असा तो प्रश्न आहे. राजा ससाण्याला दुष्ट ठरवून हाकलून देत नाही. तो त्याचा दावा मान्य करतो आणि कबुतराच्या भारंभार स्वतःचे मांस तराजूत घालतो. शरणागताला दिलेले अभय आणि दुसऱ्याच्या उपजीविकेचा हक्क या दोहोंत संघर्ष उभा राहिला, तर त्याची भरपाई अभय देणाऱ्यानेच करायची, हा त्या चित्राचा अर्थ आहे. अभय देण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, तराजूत बसण्याची जबाबदारीही त्याच्यावरच येते.

आता नाथसागराकडे वळावे. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मराठवाड्याच्या शेतीला पाणी देण्यासाठी बांधलेल्या या जलाशयावर पुढे छत्रपती संभाजीनगर आणि जालना या शहरांची तहान आणि वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखान्यांची गरजही अवलंबून राहिली. धरणासाठी गावे उठली, सुपीक काळी जमीन पाण्याखाली गेली, आणि या उथळ, पसरट पाण्याच्या काठावर हिवाळ्यात पट्टकादंब, चक्रवाक, तलवार बदक, रोहित असे स्थलांतर करून येणारे पक्षी उतरू लागले. अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ३४१ चौरस किलोमीटर असून ते छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर या दोन जिल्ह्यांत पसरलेले आहे. अस्पर्शित निसर्गाची पूजा करणाऱ्या विचाराला येथे आधार सापडत नाही, कारण हे पाणथळ माणसाने बांधले आहे आणि त्याच्या तळाशी माणसांचीच घरे आहेत. एखाद्या जागेचे मोल तिच्या कौमार्यावर अवलंबून नसून तेथे आज कोणाचे जीवन टिकून आहे यावर अवलंबून असते, हे नाथसागरावरून मान्य करावेच लागते.

या जलाशयाच्या काठी ‘गाळपेर’ नावाची जमीन असते. पाणी ओसरू लागले की उघडी पडणारी ही गाळाची जमीन मोसमापुरती कसण्यासाठी, मुख्यतः धरणग्रस्तांना, दिली जाते आणि तीवर गहू, हरभरा, ज्वारी अशी पिके घेतात. अडचण अशी की नेमकी हीच ओली, उथळ किनार चिखलातले किडे, शंख आणि बिया टिपणाऱ्या पाणपक्ष्यांचे ताट असते. ज्याची मूळ जमीन धरणाखाली गेली तो शेतकरी आणि हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी हे दोघे एकाच चिखलावर एकाच मोसमात हक्क सांगतात. कीटकनाशक फवारले, पंप लागले आणि किनाऱ्यावर माणसांची वर्दळ वाढली की पक्षी हटतात. अभयारण्याचे नियम कडक केले की शेतकरी हटतो. या प्रसंगी पक्ष्यांची बाजू घेऊन शेतकऱ्याला उठवण्याची मागणी शहरातून येत असेल आणि ती करणाऱ्याच्या घरातील नळाला त्याच जलाशयाचे पाणी येत असेल, तर वर सांगितलेल्या निकषावर ती मागणी उतरत नाही. तेथे अभय देणारा एक आहे आणि तराजूत मात्र दुसऱ्याचे मांस घातले गेले आहे.

उलट बाजूनेही हीच चूक घडू शकते. जलाशयावर तरंगते सौरऊर्जा संच बसवण्याच्या प्रकल्पाविरुद्ध कहार समाजाच्या पंच समितीने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती. कहार म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर आणि मासेमारीवर जगणारा समाज. अभयारण्याभोवतीचे पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र, म्हणजे संरक्षित क्षेत्राला धक्का बसू नये म्हणून ज्यातील उद्योग-व्यवहारांवर बंधने घालतात असा पट्टा, २०१७ साली अधिसूचित झालेला होता आणि त्याचा आधार अर्जात घेतला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये लवादाच्या पुण्यातील पीठाने तो अर्ज फेटाळला आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करण्यास नकार दिला. सूर्यप्रकाशापासून वीज मिळवणे हे हवामानाच्या दृष्टीने पुण्याचे काम आहे, यात शंका नाही, आणि न्यायालयांचा निर्णय कायद्याच्या चौकटीत झालेला आहे. तथापि धर्मविचाराच्या दृष्टीने या प्रकरणातून दोन गोष्टी दिसतात. एक अशी की पक्षी विरुद्ध माणूस हा नेहमीचा मांडलेला सामना खोटा आहे, कारण येथे जलाशयाच्या जैवविविधतेचा प्रश्न न्यायासनासमोर नेणारे लोक मासेमारच होते. दुसरी अशी की पृथ्वीच्या कल्याणासाठी कावड रिकामी करायची ठरली, तरी ती रामेश्वराला निघालेल्या यात्रेकरूच्या खांद्यावरची आहे की वाटेवरच्या तहानेल्याची, हे आधी पाहावे लागते.

येथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागेल. एकनाथ संत होते, शिबी बोधिसत्त्व होता. राज्यसंस्था, महानगरपालिका किंवा कारखाना यांच्याकडून आत्मत्यागाची अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे, आणि संतांचे आचरण हा धोरणाचा पाया होऊ शकत नाही, असा तो आक्षेप आहे. त्याचे उत्तर याच परंपरेच्या कमी काव्यमय, अधिक व्यावहारिक भागात मिळते. गृहस्थाने रोज करावयाच्या पंचमहायज्ञांत ‘भूतयज्ञ’ नावाचा एक यज्ञ आहे. स्वतः जेवण्यापूर्वी शिजवलेल्या अन्नातला वाटा पशू, पक्षी, किडामुंगी यांच्यासाठी बाजूला काढणे एवढेच त्याचे स्वरूप आहे, आणि गोग्रास किंवा काकबळी या रूपांनी त्याचा अवशेष आजही मराठी घरांत दिसतो. भूतयज्ञ सामान्य संसारी माणसासाठी आहे आणि त्यासाठी संतत्व लागत नाही. त्यात उरलेले अन्न देत नाहीत, तर पहिला वाटा काढतात. आणि हा वाटा देणाऱ्याच्या लहरीवर सोडलेला नसून तो ऋण फेडण्याचा प्रकार मानलेला आहे. दयेचे रूपांतर हक्काच्या वाट्यात करण्याची ही युक्ती आहे, आणि धोरणाला नेमकी तीच हवी असते.

पाण्याच्या वाटपाला हा विचार लावून पाहिला तर त्यातली उणीव चटकन दिसते. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने खोऱ्यातील वरच्या आणि खालच्या धरणांमध्ये तुटीच्या काळातही समन्यायी वाटप व्हावे असे तत्त्व आणले, आणि त्याच्या बळावर नाशिक व अहिल्यानगरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडण्याचे आदेश निघाले. वर आणि खाली, शेती आणि उद्योग, शहर आणि खेडे अशा सर्व मानवी दावेदारांची त्या पंगतीत मोजदाद होते. ज्याच्या नावाने जलाशय अभयारण्य झाला त्या पक्ष्याचे पान मात्र मांडलेले नसते. कमी महत्त्वाच्या वापराने अधिक महत्त्वाच्या वापरासाठी मागे सरावे, हे तत्त्व अव्यवहार्य नाही, हेही याच भूमीत सिद्ध झालेले आहे. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती उद्योगांचे पाणी आधी ५० आणि नंतर ६० टक्क्यांनी कमी करण्याचा आदेश दिला होता. तेव्हा प्रश्न माणसाच्या पिण्याच्या पाण्याचा होता. परंतु ज्याची कावड भरलेली आहे त्याच्यापासून सुरुवात करायची, ही त्यातली रीत भूतयज्ञाचीच आहे.

सार्वजनिक मालकीच्या कल्पनेलाही धार्मिक मुळे आहेत. इस्लामी विचारात पृथ्वी ही माणसाच्या मालकीची वस्तू नसून ईश्वराने सोपवलेली ‘अमानत’, म्हणजे विश्वासाने सांभाळायला दिलेली ठेव, मानली जाते. संभाजीनगरातील पाणचक्की हे या भावनेचे दगडात आणि पाण्यात उतरलेले उदाहरण म्हणता येईल, कारण डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून फिरवलेली ती चक्की बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी पीठ दळत असे. आधुनिक भारतीय कायद्यात हीच कल्पना सार्वजनिक विश्वस्ताचा सिद्धांत म्हणून आली. नदी, जंगल, किनारा ही संपत्ती शासनाच्या मालकीची नसून शासन तिचे केवळ विश्वस्त आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये बियास नदीच्या पात्रालगतच्या अतिक्रमणासंबंधी, एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात, स्पष्ट केले. ज्या १९७६ सालात जायकवाडीचे उद्घाटन झाले त्याच वर्षीच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वन्यजीवांचे रक्षण हे राज्याचे धोरणतत्त्व, आणि सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून संविधानात आले. भूतदया तेव्हापासून केवळ कीर्तनाचा विषय राहिलेली नाही.

विश्वस्त मात्र कोणासाठी, हा प्रश्न उरतोच, आणि मराठवाड्यात तो गायरानावर सर्वाधिक तीव्रतेने उभा राहतो. गायरान म्हणजे गावाच्या गुरांच्या चराईसाठी राखून ठेवलेली सामाईक जमीन. सरकारी कागदांत आणि बोलण्यातही ती सहज ‘पडीक’ ठरते, पण या माळरानांवर लांडगा, खोकड, काळवीट यांचे आयुष्य चालते. त्याच जमिनीवर भूमिहीनांनी, विशेषतः दलित कुटुंबांनी, पोटासाठी नांगर धरला. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालील १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांनी या मागणीला राजकीय रूप दिले. २०११ साली जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश देताना, भूमिहीन मजुरांना, अनुसूचित जाती-जमातींना दिलेले पट्टे किंवा सार्वजनिक सोयी अशा प्रसंगांचा अपवाद सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच नोंदवला. ज्याला कधीच कावड मिळाली नाही त्याच्याकडून ती रिकामी करून घेणे हा त्याग नव्हे, असे या अपवादाचे धर्माच्या भाषेत वर्णन करता येईल. माळरान वाचवायचे असेल तर त्याची सुरुवात भूमिहीनाच्या एक-दोन एकरांपासून न करता, त्याच माळरानाचे मोठे तुकडे ज्या प्रकल्पांना आणि वसाहतींना दिले जातात त्यांच्यापासून करणे न्याय्य ठरते.

याचा अर्थ गरिबाच्या हातून होणारी हानी ही हानीच नव्हे, असा नाही. विषारी फवारणीने मेलेल्या पक्ष्याला फवारणाऱ्याची जात किंवा ऐपत ठाऊक नसते. २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून चालत गौताळ्याच्या जंगलात पोहोचलेल्या वाघाने वाटेतल्या शेताची, गायरानाची आणि वनखात्याची हद्द वेगवेगळी ओळखली नव्हती. जिवाचा दावा त्या जिवाच्या गरजेतून उभा राहतो आणि माणसामाणसांतला हिशेब चुकता होईपर्यंत तो थांबू शकत नाही. म्हणूनच ‘दया’ या शब्दापेक्षा ज्ञानदेवांनी पसायदानात मागितलेली जीवांची परस्पर मैत्री ही कल्पना अधिक उपयोगी पडते. दया वरून खाली येते आणि ती करणाऱ्याला मोठेपणा देते. मैत्रीत दोघांचेही दावे खरे मानावे लागतात. जैन दर्शनात जीवांनी एकमेकांना उपकारक होणे हे जीवांचे कार्यच मानले आहे, आणि वेरुळच्या जैन लेण्यांत वेलींनी वेढला जाऊनही अविचल उभा असलेला बाहुबली हे त्याचे टोकाचे रूप आहे. समाजाला त्या टोकापर्यंत जाता येणार नाही, परंतु कोणत्या दिशेने जायचे हे त्या मूर्तीवरून कळते.

या विचारातून निघणारे व्यावहारिक निष्कर्ष साधे आहेत. गाळपेरीच्या किनाऱ्यावरील काही पट्टे हिवाळ्यात पक्ष्यांसाठी मोकळे ठेवायचे असतील, तर त्या मोसमाच्या पिकाचे मोल ते कसणाऱ्या कुटुंबाला आधी मिळाले पाहिजे आणि ते जलाशयाचे पाणी वापरणाऱ्या शहराने व उद्योगाने पाणीपट्टीतून द्यावे. पाण्याचे वार्षिक वाटप ठरताना उथळ किनार जिवंत राहील एवढी पातळी हा पहिला वाटा म्हणून नोंदला जावा. अभयारण्याच्या सीमा पक्क्या करण्यापूर्वी लोकांच्या हक्कांची चौकशी करण्याचे जे कर्तव्य १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांवर टाकले आहे, ते उपचार म्हणून उरकले जाऊ नये. आणि वन्यजीवांची बाजू मांडणाऱ्या प्रत्येकाने मागणीपत्रावर सही करण्यापूर्वी त्या मागणीत आपण स्वतः काय सोडत आहोत, ते एका ओळीत लिहून पाहावे. ती ओळ कोरी राहिली, तर मागणी कितीही शास्त्रशुद्ध असली तरी तिला भूतदया हे नाव देता येणार नाही.